नऊ आठवड्यांची फिनिश

माझा भाऊ तीसेक वर्षं अमेरिकेतल्या यूटा राज्यात आहे, प्रोव्होजवळ. मुलगी फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात. या दोन ठिकाणांचा आपसांत काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण प्रोव्होत मॉर्मन चर्चचं मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवल्या जातात आणि त्यांत फिनिशही आहे. म्हणजे भावाच्या गल्लीतलं एखादं पोर उद्या माझ्या मुलीच्या दाराची बेल वाजवू शकतं. यंदा तशी चिन्हंही आहेत. भावाच्या शेजाऱ्यांचा धाकटा मुलगा सध्या त्या केंद्रात बसून फिनिश घोकतोय.

भाऊ टाम्पेरेला आला होता, मीही तिथेच होते, आणि एका संध्याकाळी मामा-भाचीची जुंपली. दोघंही देवधर्मातले नव्हेत, त्यामुळे श्रद्धा खरी की खोटी हा मुद्दाच नव्हता. भांडण होतं ते दुसऱ्याची भाषा कशासाठी शिकायची यावरून. मी ते आठवेल तसं लिहून ठेवलंय. नावं घालत नाही, नाती पुरेत.

भाची : नऊ आठवडे! मामा, नऊ आठवड्यांत मला इथे दुधाच्या खोक्यावरचं धड वाचता येत नव्हतं. दूध म्हणून ताक उचलून आणायचे. आणि ही पोरं तेवढ्यात लोकांना उद्धाराचा मार्ग सांगायला बाहेर पडतात?

मामा : बाहेर पडतात एवढंच. सांगता येतो असं मी कुठे म्हणालो? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना फिनिश शिकवायला 44 आठवडे धरतं, 1100 तास. पण त्या अधिकाऱ्याचं दूतावासात अडलं तर इंग्रजीवर निभावतं. या मुलाला पक्कं ठाऊक असतं की दहाव्या आठवड्यात कुणीतरी दार उघडून समोर उभं राहणार आणि तोंड उघडावंच लागणार. ती भीती कुठल्या वर्गात मिळते?

भाची : भीतीने पाठांतर होतं, भाषा येत नाही.

मामा : तू आधी ऐकून तर घे. यूटात ‘कॉल आला’ म्हटलं की फोन आला असं कुणी समजत नाही. मुलगा अर्ज करतो, डॉक्टर झाले, दाताचे डॉक्टर झाले, मग कुठे जायचं ते सॉल्ट लेक सिटीहून कळतं. आपण निवडायचं नसतं. पूर्वी टपालाने पाकीट यायचं, 2018 पासून ईमेल येतो. शेजाऱ्यांकडे त्या दिवशी पन्नासेक माणसं जमली होती. भिंतीवर जगाचा नकाशा, ज्याने त्याने आपापल्या अंदाजाची चिठ्ठी टोचायची. मी मेक्सिकोवर टोचली, कारण पोराने शाळेत चार वर्षं स्पॅनिश केलेलं. त्याने स्क्रीनवरून वाचलं, फिनलंड, हेलसिंकी मिशन. क्षणभर टाळ्याच पडेनात. मग त्याची आजी म्हणाली, तिथे काय बोलतात रे?

मी : नकाशावर फिनलंडला कुणीच चिठ्ठी टोचली नव्हती?

मामा : एकानेही नाही, ताई.

मग त्याने केंद्राचं वर्णन केलं. हल्ली सुरुवातीचे काही दिवस घरूनच ऑनलाइन होतात. मग जायचा दिवस येतो. फाटकाशी गाडी थांबते, बॅगा उतरतात, फुटपाथवरच मिठ्या, आणि आईवडील गाडी पुढे काढतात. आत गेल्यावर छातीवर काळी पट्टी लागते, तिच्यावर आडनाव आणि चर्चचं नाव. पहिलं नाव घरी राहतं. दोन वर्षं तो फक्त ‘एल्डर’ अमुक. फिनलंडला जाणाऱ्यांच्या पट्टीवर त्याचं फिनिश रूप, ‘वानहिन’. मिसरूड नीट न फुटलेल्या पोराच्या छातीवर ‘थोरले’ अशी पाटी. मुली ‘सिस्टर’ होतात आणि त्यांची मुदत दीड वर्षाची. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. न्हाणीघर तेवढं वगळून. जवळजवळ सगळा दिवस वर्गात. शिकवणारी बहुतेक शेजारच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठातली, नुकतीच त्या त्या देशातून परतलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलंमुली. आठवड्यातून एक दिवस मोकळा. त्यात कपडे धुवायचे, केस कापायचे आणि घरी पत्र लिहायचं.

मामा : आणि शिकवण्याची तऱ्हा बघ. पहिल्याच आठवड्यात मास्तर वर्गाबाहेर जातो आणि दार वाजवून आत येतो तो कुणी फिनिश गृहस्थ होऊन. नाव वेगळं, नोकरी वेगळी, बायकोशी पटत नाही, देवावर विश्वास नाही, असं सगळं. आता त्याला इंग्रजी येतच नाही! आणि या दोन पोरांनी त्याच्याशी वीस मिनिटं फिनिशमध्ये बोलायचं. पोराच्या पत्रात होतं, त्याने कागदावरून सगळं वाचून दाखवलं, मग त्या गृहस्थाने एक साधा प्रश्न विचारला आणि हे दोघं नुसते हसत बसले. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना फिनिशमधून. जेवणापूर्वी देवाचे आभार त्याला फिनिशमध्ये मानता येतात, पण टेबलावरचं मीठ मागता येत नाही, असं त्यानेच लिहिलंय.

भाची : हेच! हेच माझं म्हणणं आहे. मीठ मागता येत नाही आणि देव मागता येतो, ही कसली भाषा?

मामा : तुला आधी काय आलं होतं?

भाची : मला? ‘पिशवी नको’ आलं होतं. दुकानातल्या बाईला सांगायला.

मामा : म्हणजे तूही ज्याची गरज होती तिथून सुरुवात केलीस. त्याची गरज वेगळी. तुमच्या पुस्तकांत पहिल्या धड्यात काय असतं? विमानतळ कुठे आहे. ते कुणालाच कुणाला मनापासून विचारायचं नसतं. या पोराकडे दुसऱ्या दिवसापासून असं काहीतरी आहे जे त्याला खरोखर सांगायचंय. म्हणून जमतं.

इथे मला भावाचं म्हणणं पटलं. शाळेत आठ वर्षं संस्कृत शिकूनही माझ्या तोंडून कधी एक वाक्य आपणहून निघालं नाही, कारण संस्कृतमधून कुणाला काही सांगायचंच नव्हतं. पण मुलगी ऐकायला तयार नव्हती. ती व्याकरणाकडे वळली, आणि फिनिश व्याकरण हा तिच्या आवडीचा भाग आहे.

भाची : व्याकरणात तर ती पोरं आपल्यापेक्षा मागून धावायला लागतात. आपल्याला विभक्ती लहानपणी पाठ करून घेतल्या. घर, घरात, घरातून, घराला. फिनिशमध्ये तालो, तालोस्सा, तालोस्ता, तालोओन. शेपटं नामालाच चिकटतात. पंधरा विभक्ती आहेत म्हणून जग घाबरतं. मी म्हटलं, आठ पाठ आहेत, अजून सात. प्रत्यय लागताना शब्द मधूनच बदलतो, हेलसिंकीचं हेलसिंगिस्स्या होतं, तेही नवल वाटलं नाही, घोड्याला म्हणताना घोडा कुठे शिल्लक राहतो? आणि नकार! इंग्रजीत ‘नॉट’ जागचा हलत नाही. इथे नकार हेच क्रियापद. मी असेन तर ‘एन’, तू असशील तर ‘एत’, तो किंवा ती ‘एइ’, आपण ‘एम्मे’. आई, आपण काय करतो? मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. ‘नाही’लाच प्रत्यय. माझ्या वर्गात एक जर्मन बाई होती, ती या नकारापाशी महिनाभर अडकली. मी एका संध्याकाळीत पार.

मामा : मग त्या बिचाऱ्यांचं कौतुक जास्त करायला हवं. त्यांना यातलं काहीच आईच्या दुधातून मिळालेलं नाही. तो लिहितो, गावागणिक प्रत्यय बदलतो म्हणे. हेलसिंकीच्या ‘आत’ राहायचं आणि टाम्पेरेच्या ‘वर’.

भाची : खरंय. टाम्पेरेल्ला. का, ते विचारायचं नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घ. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे कस्टम्स. अमेरिकन जिभेला तिन्ही सारखेच. इथली जुनी गंमत आहे. ‘तपान सिनुत’ म्हणजे तुला भेटतो. मधला आ आखूड केला की ‘तपन सिनुत’, तुला ठार मारतो. काळ्या सुटातला उंच गोरा पोरगा दारात उभा राहून हसत हसत म्हणतो, उद्या सहा वाजता ठार मारतो.

तिघंही हसलो. पण तिचं मुख्य हत्यार अजून म्यानात होतं.

भाची : हे सगळं जमलं तरी त्यांना येते ती पुस्तकातली फिनिश. ‘मी आहे’ला पुस्तकात मिना ओलेन, इथे रस्त्यावर मॅ ओऽन. केंद्रात ते धर्मग्रंथाच्या भाषेत मुरतात, इथे उतरतात आणि ट्राममध्ये शेजारची मुलगी फोनवर काय बोलते त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांची फिनिश ऐकली की वाटतं, कीर्तनकार भाजी घ्यायला आलेत.

मामा : म्हणून तर केंद्र नऊ आठवड्यांवर थांबतं. पुढची पावणेदोन वर्षं शाळा रस्त्यावरच. 1961च्या आधी तर केंद्र हा प्रकारच नव्हता. पोरांना थेट परदेशात उतरवायचे, शिका तिथेच. मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा लांबायला लागले, रिकामी बसलेली पोरं विद्यापीठात स्पॅनिश शिकायला बसवली, तिथून हे सुरू झालं. तुमच्या फिनलंडला तर पहिले मिशनरी 1870च्या दशकात स्वीडनहून आले, ते किनाऱ्यावरच्या स्वीडिश बोलणाऱ्यांतच फिरले. फिनिश मिशन उभं राहिलं 1947 साली, फिनिशमधलं मॉर्मनचं पुस्तक छापलं गेलं 1954 साली. म्हणजे आधीची काही वर्षं पोरं दारोदार जायची आणि ज्या ग्रंथासाठी जायची तोच लोकांच्या भाषेत नव्हता.

भाची : आता मी खरं बोलते. मला त्रास शिकण्याचा नाही, हेतूचा आहे. कुणी माझी भाषा शिकला तर आनंद वाटायला हवा. पण तो मला बदलायला शिकलाय असं कळलं की तो आनंद कडू होतो. आपल्याला हे नवीन आहे का? फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले, आपली भाषा शिकले आणि 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ लिहून मोकळे झाले. ओवीत! आपलीच ओवी, आपल्याला बदलायला.

मामा : आणि ते पुराण मराठीचं लेणं म्हणून आपण एम.ए.ला लावतो. केरीने 1805 साली मराठी व्याकरण छापलं. मोल्सवर्थचा कोश आजही माझ्या टेबलावर आहे. मिशनऱ्यांनी...

भाची : मोल्सवर्थ मिशनरी नव्हता, मामा. कंपनीच्या लष्करातला अधिकारी होता.

मामा : बरं, नव्हता. कोश तर दिला? हेतू कुणाचाही शुद्ध नसतो गं. स्टीफन्सचा हेतू धर्मांतर, मोल्सवर्थचा राज्यकारभार. त्यांचे हेतू गेले, पुस्तकं आपल्याकडे राहिली.

भाची : हेतू इतक्या सहजी जात नाहीत. गोव्यात स्टीफन्स ओव्या रचत होते तेव्हा इन्क्विझिशन चालू होतं. आणि पुढे 1684 साली त्याच पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या बोलीवर बंदीचा हुकूम काढला. काम झालं की भाषेची गरज संपते.

मामा : तिथे सत्ता होती. इथे कुणाची सत्ता आहे? फिनलंडमध्ये या पोरांना कोण विचारतं? देश श्रीमंत, शिकलेला, निम्म्याहून जास्त लोक कागदोपत्री लूथरन आणि चर्चला जाणारे थोडके. 1947 पासून आजतागायत छप्पन्नेक लाखांत यांचे सभासद सुमारे पाच हजार. एस्पोला 2006 साली मंदिर बांधलं, पण म्हणून कुणाची झोप उडालेली नाही. दारावर दार बंद होतं. दारही कसलं, तुमच्या इमारतींना खालीच कुलूप असतं, आकड्यांशिवाय जिनाही दिसत नाही. दुबळा कोण आहे सांग, फिनिश माणूस की हा पोरगा? आपल्या पुण्यातही एक मॉर्मन येऊन गेलाय, ठाऊक आहे?

मी : पुण्यात?

मामा : ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस. 1850च्या दशकाच्या सुरुवातीला आधी मुंबईत, मग पुण्याच्या लष्कर भागात. मूठभर माणसं जमवली, काही वर्षांनी निघून गेला. आज पुण्यात त्याची आठवण कुणाला आहे? सत्ता पाठीशी नसेल तर मिशनरी म्हणजे नुसता एक बोलणारा माणूस. त्याला हाकलायला ‘नको’ एवढा एकच शब्द पुरतो.

भाची बराच वेळ गप्प होती. मला वाटलं हरली. पण तिने बाजूच बदलली, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा खरा मुद्दा तिथून सुरू झाला.

भाची : ठीक. फिनिश माणसाची काळजी मी सोडते, तो आपलं बघून घेईल. मला त्या पोराची काळजी वाटते. सत्ता आहे, मामा, ती त्याच्यावर आहे. कुठे जायचं ते दुसऱ्याने ठरवलं, जोडीदार दुसऱ्याने ठरवला, उठायची वेळ, टायचा रंग, फोन कधी करायचा. 2019पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, हे तूच मला सांगितलं होतंस.

मामा : आता आठवड्याला करता येतो. व्हिडिओवर सुद्धा.

भाची : चांगलं झालं. पण अशा अवस्थेत तो भाषा शिकतोय. त्याला फिनिशमध्ये ‘मला खात्री आहे’ हे वाक्य पहिल्या दिवसांत दिलं. ‘मला माहीत नाही’ कधी देणार? ‘मला घरी जायचंय’ कधी देणार?

मामा : (जरा थांबून) त्याच्या एका पत्रात आहे. जोडीदार रात्री रडतो. हा वरच्या बंकवर झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहतो. काय बोलावं कळत नाही, म्हणतो. त्याच्या आईने कुंपणापाशी उभं राहून मला वाचून दाखवलं आणि पुढचं वाचता येईना म्हणून फोन खिशात टाकला.

भाची : बघ. परक्या माणसाला देव तुमचं ऐकतो हे परक्या भाषेत सांगता येतं, आणि दोन हातांवरच्या पोराला इंग्रजीत दोन शब्द बोलता येत नाहीत.

मामा : हे अन्यायाचं बोललीस. एकोणीस वर्षांचा आहे तो. वसतिगृहात तुझी खोलीवाली रडायची तेव्हा तू काय करायचीस? कानात बोळे घालून जर्नल लिहायचीस! आणि तुमच्या फिनलंडचं काय? अठरा वर्षांचा प्रत्येक मुलगा लष्करात. 165 दिवस, 255 दिवस नाहीतर 347 दिवस. तिथे उठायची वेळ कोण ठरवतं?

भाची : लष्कर नको तर नागरी सेवा असते, कायद्यात लिहिलेली. आणि लष्करातून परत आलेल्याला शेजारी विचारत नाहीत की बाबा, मध्येच का आलास.

या वाक्यावर मामा बोलला नाही. मग त्याने जे सांगितलं ते तिच्याच बाजूचं होतं, पण लपवणं त्याच्या स्वभावात नाही. त्यांच्या वस्तीतला एक मुलगा चार महिन्यांत परत आला होता. शेजारणींनी दुसऱ्या दिवशी ताट भरभरून खाणं पोचवलं. पण रविवारी चर्चच्या व्हरांड्यात त्याच्याभोवती हातभर रिकामी जागा राहायची. वाईट कुणीच वागत नव्हतं. काय बोलायचं तेच कुणाला सुचत नव्हतं. कागदोपत्री मिशन ऐच्छिक आहे. कायद्याने कुणी पाठवत नाही, उलट खर्चाची ठरावीक रक्कम दरमहा स्वतःच भरायची असते. पण त्या गावात लग्न ठरवताना मुलगा मिशन करून आला का, हे आपल्याकडे पगार विचारतात तसं विचारलं जातं.

भाची : मग तू यांची बाजू का घेतोस?

मामा : कारण मी परत आलेली मुलं पाहिली आहेत. जाताना आपल्या गावापलीकडचं काही ठाऊक नसलेला पोरगा परत येतो आणि ऑलिंपिकच्या बातमीत फिनिश खेळाडू काय पुटपुटला ते घरच्यांना सांगतो. रॉयल स्काउसन नावाचे भाषाशास्त्रज्ञ आहेत, तरुणपणी फिनलंडमध्ये मिशनरी होते. पुढे फिनिशच्या ध्वनिव्यवस्थेवर त्यांनी पुस्तक लिहिलं. धर्म सांगायला गेले होते, आणि व्यंजनं डोक्यात घेऊन आले. बाकीच्या अमेरिकेत कुणी दुसरी भाषा बोलला की लोक चमकतात. आमच्याकडे किराणाच्या दुकानात पिशव्या भरणारा पोरगा थाई बोलतो. भाषा आत शिरली की ती कशासाठी आणली होती ते विचारत नाही. आपलं आपलं वाढत राहते.

भाची : मग फायदा यूटाचा. फिनलंडला काय मिळालं?

मी इथे मध्ये पडले, कारण याचं उत्तर मी स्वतःच पाहिलं होतं. मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे त्या पट्टीवाल्या दोन पोरांचं येणं आहे. बर्फ पडला की ते दारापुढची वाट फावड्याने साफ करतात. आजी लूथरन, आणि तेही नावापुरत्या. धर्म बदलायचा त्यांचा लांबचाही विचार नाही, तसं त्या पोरांना स्पष्ट सांगितलंय म्हणे. तरी त्यांना आत घेतात. एकदा जिन्यात मी थांबले होते आणि दार उघडंच होतं. पोरगा काहीतरी गंभीरपणे सांगत होता आणि आजी दर वाक्याला हात वर करून त्याला अडवत होत्या. नंतर मुलीने अर्थ सांगितला. देव तुमच्यावर प्रेम करतो, एवढंच तो म्हणत होता, पण ‘तुमच्यावर’ची विभक्ती चुकवत होता. आजींनी त्याच्याकडून ते वाक्य चार-पाच वेळा म्हणून घेतलं. प्रत्यय बरोबर आल्यावर ‘नो निन’ म्हणून मान डोलावली आणि पुलाचा, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचा, तुकडा पुढे केला. देवाच्या प्रेमाबद्दल काही बोलल्या नाहीत.

भाची : आजी शिक्षिका होत्या, आई. कुणालाही सुधारतात. मलाही सुधारतात.

मी : पण तुझ्याकडे वेळ नसतो. त्या पोरांकडे असतो.

हे तिला लागलं. तरी सावरून तिने शेवटचा जोरकस मुद्दा काढला, कॉफीचा. फिनलंड हा जगात दरडोई सर्वांत जास्त कॉफी पिणाऱ्या देशांतला. इथे दार उघडलं, माणूस आत आला, की पहिला प्रश्न कॉफीचा. आणि मॉर्मन माणसाला 1833पासूनच्या धर्मवचनाने चहा-कॉफी वर्ज्य.

भाची : म्हणजे घरमालकाने मैत्रीचं पहिलं वाक्य उच्चारलं की याचं उत्तर ठरलेलं, ‘एइ कीतोस’, नको. तुम्ही लोकांची भाषा शिकता आणि त्यांच्या घरात कपही तोंडाला लावत नाही. याला काय म्हणायचं?

मामा : तू इथे आलीस तेव्हा ऑफिसच्या पहिल्या पार्टीत काय झालं होतं? सगळ्यांनी शेकोटीवर माक्कारा भाजली, तुझ्या हातात सॉसेजची काडी दिली...

भाची : मामा, मी शाकाहारी आहे!

मामा : तोही कॉफी न पिणारा आहे.

ती इतकी हसली की वाद तिथेच विझेल असं वाटलं. पण मामाने सोडलं नाही.

मामा : आणि एक विचारू? तू फिनिश का शिकलीस? ऑफिस तर इंग्रजीत चालतं.

भाची : नागरिकत्वाला लागते. राष्ट्रीय भाषा परीक्षेत तिसरी पातळी.

मामा : म्हणजे तुला पासपोर्ट हवा होता आणि त्याला स्वर्ग. प्रेमाने कुणीच शिकलं नाही.

भाची : माझ्या पासपोर्टने आजींचं काही बिघडत नाही.

मामा : त्याच्या स्वर्गानेही बिघडलं नाही. पुला खाऊन गेला तो.

इथे मी माझं मत सांगितलं. भाऊ म्हणतो तसं, ज्याला काही सांगायचंच नाही त्याला भाषा लवकर येत नाही, हे खरं. पण त्याचं समाधान फार स्वस्तात होतं. हेतू माणसाला भाषेच्या दारापर्यंत आणतो, हे मान्य. दारातच उभं ठेवतो, हेही तितकंच खरं. माझ्या मुलीची फिनिश अर्ज, वीजबिल आणि परीक्षेच्या निबंधापाशी थांबली आहे. तिच्या मैत्रिणीचे वडील वारले तेव्हा ती इंग्रजीत बोलली. त्या पोराची फिनिश साक्ष देण्यापाशी थांबू शकते. दोघांनाही पुढे नेणारं जे काही आहे ते वर्गात नाही आणि केंद्रातही नाही. ते तळमजल्यावरच्या आजींकडे आहे, आणि आजींना दोघांकडूनही काही नको आहे, थोडी सोबत सोडली तर.

मुलगी म्हणाली, हे तू माझ्याविरुद्ध बोललीस. भाऊ म्हणाला, माझ्याविरुद्ध.

मग भावाने खिशातून फोन काढला. शेजारणीने विचारायला सांगितलं होतं आणि तो इतका वेळ टाळत होता. पोराचं केंद्रातलं शिक्षण महिनाभरात संपेल, मग तो हेलसिंकीत उतरेल. पहिलं गाव कुठलं मिळेल ते तिथे पोचल्यावरच कळणार. टाम्पेरे मिळालं तर भाची त्याच्याशी अधूनमधून बोलेल का? रस्त्यावरची फिनिश शिकवेल का?

भाची : शिकवीन. पण एक अट. धर्माचा एक शब्द नाही.

मामा : मग तो बोलणार काय? त्याच्याकडे तेवढेच शब्द आहेत.

भाची : म्हणून तर. ट्राम उशिरा आली, बूट ओले झाले, जोडीदार घोरतो, आईच्या हातचं काय खावंसं वाटतं. कंटाळा आला, हे सुद्धा. मॅ ओऽनने सुरुवात करायची.

मामा : दोघं येतील हं. एकट्याला सोडत नाहीत.

भाची : येऊ देत. रडणारा पण येईल?

मामा : तो जोडीदार केंद्रातला. इथे आल्यावर दुसरा नेमतात.

भाची : मग रडणाऱ्याला कुणाकडे पाठवतील?

मामाला ते माहीत नव्हतं. शेजारणीला विचारून कळवतो म्हणाला.